बापाने मेंढी चोरली तर पोराने काय करायचं?

मागच्या अंकात कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञावर दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं एकाच गोष्टीवर चिडलेली आहेत, तर आधी तीच घेतो.

प्रश्न: हा माणूस सदाचाराचा एवढा मोठा गुरू, मग बापाने मेंढी चोरली तर पोराने ते झाकावं असं कसं काय म्हणतो? आपल्याकडे पुढाऱ्यांची पोरं अशीच तर सुटतात. (एक वाचक, सांगली)

उत्तर: मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा असाच वैतागलो होतो. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी गोष्ट परत सांगतो. शे नावाच्या मुलखाचा अधिकारी कन्फ्यूशियसला छाती फुगवून सांगतो, आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तर त्याने स्वतः बापाविरुद्ध साक्ष दिली. त्यावर कन्फ्यूशियस म्हणतो की आमच्याकडची सरळ माणसं वेगळी, बाप पोराचं झाकतो, पोरगा बापाचं झाकतो, आणि सरळपणा त्यातच असतो. ‘लुन्यू’ म्हणजे त्याच्या शिष्यांनी जमवलेले संवाद, त्याच्या 13 व्या भागात हे आहे.

आता बघा, चोरी चांगली असं तो कुठेच म्हणत नाही, आणि पोराने बापाशेजारी बसून मटण खावं असंही नाही. त्याच ग्रंथाच्या 4 थ्या भागात आहे की आईबाप चुकत असतील तर हळुवारपणे सांगावं, ऐकलं नाही तरी आदर सोडू नये, आणि मनात अढी न ठेवता सांगत राहावं. म्हणजे माझ्या मते पोराचं काम रात्री दार लावून सुरू होतं, बाबा ती मेंढी उद्या परत सोडून या, आणि हे काम कोर्टात साक्ष देण्यापेक्षा खूप अवघड आहे, आपल्या बापाला चूक दाखवून बघितलेल्या कुणालाही विचारा.

दुसरं म्हणजे हे कोण सांगतंय ते बघा, सरकारी अधिकारी! पोरगा बापाची चहाडी करतो याचा सरकारला अभिमान वाटतो तेव्हा भीती वाटायला पाहिजे. पुढे छिन राज्यात शांग यांग नावाच्या मंत्र्याने ही सिस्टीमच करून टाकली, पाच-पाच दहा-दहा घरांचे गट, एकाने गुन्हा केला आणि शेजाऱ्याने कळवला नाही तर शेजाऱ्यालाही शिक्षा. तोच शांग यांग नंतर जीव वाचवायला पळाला तर धर्मशाळेवाल्याने आत घेतलं नाही म्हणे, कारण कागदाशिवाय कुणाला ठेवलं तर शिक्षा हा नियम त्याचाच होता. इ.स.पू. 338 मध्ये तो मारला गेला.

आणि पुढाऱ्यांचं म्हणाल तर तिथे कन्फ्यूशियस अजिबात सोडत नाही. त्याच्या लू राज्यात खरी सत्ता ‘जी’ नावाच्या घराण्याच्या हातात होती, त्यातल्या जी कांगझी या कारभाऱ्याने विचारलं, चोर फार झालेत, काय करू? उत्तर मिळालं, तुम्हालाच हाव नसती तर बक्षीस देऊनही लोकांनी चोरी केली नसती. तोंडावर! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, दुसरं काय. म्हणजे घरातल्या बापाला सांभाळून घ्या पण राज्य चालवणाऱ्याला तोंडावर सुनवा, असा हिशेब आहे आणि आपण बरोबर उलटा करतो.

तरी एक गोष्ट मला अजून खटकते, ज्याची मेंढी गेली त्याच्याबद्दल त्या संवादात एक शब्द नाही. आणि नात्यागोत्याचा हा धोका खुद्द चिनी बादशहांनाही कळत होता, म्हणून मिंग आणि छिंग राजघराण्यांच्या काळात अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमणूकच देत नसत. दुसरीकडे 2013 पासून लागू झालेल्या चीनच्या फौजदारी प्रक्रियेत आरोपीचा नवरा किंवा बायको, आईबाप आणि मुलं यांना साक्षीसाठी जबरदस्तीने कोर्टात आणता येत नाही. अडीच हजार वर्षं झाली, मेंढी अजून चरतेच आहे.

प्रश्न: कन्फ्यूशियस हे नाव चिनी वाटतच नाही? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: नाहीच आहे. मूळ कोंग फूझी, म्हणजे गुरू कोंग. जेझुइट मिशनऱ्यांनी त्याला लॅटिन शेपूट लावलं आणि तेच जगभर चिकटलं. त्याची परंपरा पुढे नेणाऱ्या मेंगझी या तत्त्वज्ञाचा मेन्शियसही तसाच झाला.

प्रश्न: मी न्यू जर्सीला, आईबाबा पुण्यात. पैसे पाठवते, बाई लावून दिली आहे, औषधं घरपोच येतात. तरी फोन ठेवला की अपराधी वाटतं. तुमचा कन्फ्यूशियस मला काय म्हणाला असता? (एक वाचक)

उत्तर: ताई, आधी कडू सांगतो, कारण त्याने ते शिष्यांनाही असंच सांगितलंय. हल्ली लोक आईबापांना खायला घालणं म्हणजेच सेवा समजतात, पण कुत्र्याला आणि घोड्यालाही आपण खायला घालतोच की, मनात आदर नसेल तर फरक काय राहिला? हे तुम्हाला लागू होत नाही, तसं असतं तर तुम्ही पत्रच लिहिलं नसतं. पण दुसऱ्या एका शिष्याला तो म्हणाला की अवघड असतो तो चेहरा. म्हणजे काम करताना आपला चेहरा कसा आहे ते. व्हिडिओ कॉलवर एक डोळा लॅपटॉपवर ठेवून हं हं करणारे आपण सगळे त्यात आलो, मी पण आलो.

आता गोड. आईबाप असताना लांब जाऊ नये असं त्याचं एक वाक्य आहे आणि लोक तेवढंच सांगून मोकळे होतात, पण वाक्य पुढे आहे, गेलात तर ठिकाण ठरलेलं असावं. मुलगी कुठे आहे, हाक मारली तर कुठे मारायची, हे त्यांना माहीत पाहिजे. स्वतः हा माणूस पन्नाशी उलटल्यावर चौदाएक वर्षं राज्याराज्यांतून वणवण फिरला, पण तेव्हा त्याचे आईवडील हयात नव्हते, वडील तर तो अगदी लहान असतानाच गेले. आणि आईबापांचं वय ध्यानात ठेवावं म्हणतो, एकीकडे आनंद म्हणून आणि दुसरीकडे भीती म्हणून. यावर मी काय बोलणार.

कायद्याने हे होत नाही हेही सांगून टाकतो. सिंगापूरने 1995 मध्ये, आपण 2007 मध्ये आईबापांच्या निर्वाहाचा कायदा केला, चीनने तर 2013 पासून वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईबापांना वारंवार भेटावं असंच कायद्यात लिहिलं. पोटगी मिळते त्याने, आणि मिळायलाच हवी. चेहऱ्याचं कलम कुठून आणणार?

प्रश्न: “राजाने राजा असावं, बापाने बाप, मुलाने मुलगा” हे वाचून मला सरळ चातुर्वर्ण्य आठवलं. ज्याने त्याने आपापल्या जागी गप्प बसावं, हेच ना? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: शंका अगदी रास्त आहे, पण अर्धीच बरोबर. हे वाक्य तो छी राज्याच्या राजाला ऐकवतोय, शेतकऱ्याला नाही. राजा म्हणवतोस तर राजासारखा वाग, असा त्याचा रोख. मेन्शियसने पुढे तो आणखी ताणला, जुलमी झोऊ राजाला मारलं तेव्हा राजहत्या झाली का असं विचारल्यावर तो म्हणाला, झोऊ नावाचा एक माणूस मारल्याचं ऐकलंय, राजा मारल्याचं ऐकलं नाही. शिवाय शिकवताना भेद नाही हे कन्फ्यूशियसचंच वाक्य, आणि तो स्वतः गरिबीत वाढलेला, मेन्शियस सांगतो की तरुणपणी त्याने धान्याच्या कोठाराचे हिशेब ठेवले, गुरं-मेंढ्या राखल्या.

पण पुढे हान राजघराण्याच्या काळात यातून तीन बंधनं पक्की झाली, प्रजेवर राजा, मुलावर बाप, बायकोवर नवरा, आणि दुतर्फा असलेलं नातं एकतर्फी झालं. कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या ग्रंथांवर अधिकारी निवडायच्या सरकारी परीक्षा 1905 पर्यंत चालल्या, त्यात बाईला जागाच नव्हती. 1919 च्या सुमारास चिनी तरुण-तरुणी कन्फ्यूशियसवर तुटून पडले ते उगाच नाही. त्या मुलींच्या जागी मी असतो तर मीही पडलो असतो.

प्रश्न: तुम्ही सप्टेंबरच्या अंकात एकाला म्हणालात, वडिलांना न विचारता नोकरी सोड. पुढच्याच अंकात दुसऱ्याला म्हणालात, आधी घरात बोल. एक काहीतरी ठरवा! (एक जुने वाचक)

उत्तर: काका, पकडलंत. पण हा आरोप माझ्या आधी कन्फ्यूशियसवर झालाय. झीलू नावाच्या शिष्याने विचारलं, चांगली गोष्ट कानावर आली की लगेच करावी का? तर म्हणाला, घरात वडील आहेत, थोरला भाऊ आहे, लगेच कशी करशील? रान यू या दुसऱ्या शिष्याने तोच प्रश्न विचारला तर म्हणाला, हो, लगेच कर. तिसरा शिष्य गोंधळला तेव्हा म्हणाला, रान यू मागे मागे राहतो म्हणून त्याला ढकललं, झीलूत दोघांचा जोर आहे म्हणून त्याला आवरलं.

झीलू काही आवरला गेला नाही. इ.स.पू. 480 मध्ये वेई राज्यात बंड झालं, धनी आत अडकलाय म्हणून हा पळणाऱ्यांच्या उलट दिशेने आत घुसला, लढताना टोपीची दोरी तुटली तर सज्जन माणूस टोपीशिवाय मरत नाही म्हणून ती बांधत राहिला आणि तिथेच गेला. त्याचा आणखी एक गुरुबंधू तेव्हा तिथेच होता. बंडाची बातमी लूमध्ये आली तेव्हाच म्हाताऱ्या कन्फ्यूशियसने सांगितलं होतं म्हणतात, की तो गुरुबंधू परत येईल, झीलू मात्र मरणार.