मॅटाडोर व्हॅनचा कॅम्पर (आत राहून फिरायची गाडी) करताय? आधी खालचा पत्रा बघा

रंग नंतर ठरवा. नाशिकमध्ये अंबड-सातपूरकडच्या गॅरेजात गाडी देण्याआधी ती रॅम्पवर चढवून घ्या. दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पुटीचा (खड्डे बुजवायच्या लेपाचा) जाड थर आहे. गंजावर मारलेली पुटी ओलावा धरते आणि पावसाळ्यात रंग फुगतो. म्हणून कुजका भाग कापून साधारण १.२ मिमीचा पत्रा वेल्ड करायला सांगा, त्यावर लगेच एपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा, पाणी अडवणारा थर). साधा प्रायमर पाणी पितो, नुसत्या त्या थरावर गाडी उघड्यावर ठेवूच नका. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, प्रत्येक थर पुढच्या थराखाली झाकला जाण्याआधी त्याचा फोटो मागा. छताला व्हेंट (हवेचा झरोका) बसवायचा असेल, तर कापण्याआधी आरटीओची परवानगी घ्या.