वाचक विचारतात: पुस्तकवाल्या अण्णांची पंच्याहत्तरी

प्रश्न: नव्या पेठेतले आमचे पुस्तकविक्रेते अण्णा येत्या जूनमध्ये ७५ वर्षांचे होत आहेत. आम्ही तीस-चाळीस जुनी गिऱ्हाइकं मिळून अमृतमहोत्सव करायचा म्हणतो. शाल-श्रीफळ आणि भाषणं सोडून काय करता येईल? गौरवग्रंथ काढावा का?
एक वाचक, सोलापूर

उत्तर: आधी तारीख बदला. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत शालेय पुस्तकं, वह्या आणि कव्हरांचा हंगाम असतो. त्या दिवसांत अण्णांना व्यासपीठावर बसवलंत तरी त्यांचं लक्ष गल्ल्यावरच राहील. वाढदिवसाला घरी ७५ दिव्यांनी औक्षण होऊ द्या, जाहीर कार्यक्रम ऑगस्टमध्ये ठेवा. लांबवायचाच असेल तर जानेवारीतली गड्ड्याच्या यात्रेची गर्दी टाळा आणि मार्चअखेरही टाळा, कारण तेव्हा ग्रंथालयांची अनुदानातली खरेदी चालू असते. माणसं शे-दीडशे असतील तर हुतात्मा स्मृती मंदिर घेऊ नका, पुढच्या चार रांगा भरतील आणि बाकीचं सभागृह भकास दिसेल.

गौरवग्रंथ जरूर काढा, पण गौरवाचा काढू नका. तीस जणांनी ‘अण्णा म्हणजे चालतंबोलतं ग्रंथालय’ एवढंच लिहिलं, तर चौथ्या लेखानंतर कोणी पान उलटत नाही. निम्मं पुस्तक अण्णांच्या मुलाखतीचं असू द्या. विक्रेत्याला जे ठाऊक असतं ते सहसा कुठेच लिहिलेलं नसतं: गावात कोणतं पुस्तक किती खपलं, कोणतं आणलं आणि पडून राहिलं, सरकारी अनुदानाच्या अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं पुस्तकं कशी निवडत, दिवाळी अंक भाड्याने कसे फिरत, पूर्व भागातले तेलुगू घरातले वाचक मराठीत काय मागत, अक्कलकोटकडचे कन्नड वाचक काय मागत. हे विचारा. ‘तुम्हांला पुस्तकांची आवड कशी लागली’ हा प्रश्न शेवटी ठेवा, नाहीतर सगळा वेळ बालपणातच जाईल.

मुलाखत दुकान निवांत असतं त्या दुपारच्या वेळी घ्या, पाऊण-पाऊण तासाच्या चार-पाच बैठका पुरतात. डोक्यावरचा पंखा बंद करा, फोनच्या ध्वनिमुद्रणात त्याची घरघर आवाजाच्या वर चढते. समोर जुनी बिलं, प्रकाशकांच्या सूची, चार जुनी पुस्तकं ठेवा. वस्तू हातात आली की आठवण नेमकी निघते.

आता छपाई. डेमी आकार (साडेआठ बाय साडेपाच इंच) घ्या. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणून पानसंख्या सोळाच्या पटीत बसवा. ९६ पानं म्हणजे सहा फॉर्म. एका पानात साधारण ३०० शब्द बसतात, तेव्हा एका लेखाला १२०० शब्दांची मर्यादा घातली की तो चार पानांत संपतो. ही मर्यादा निमंत्रणपत्रातच लिहा, मागाहून कापाकापी केली की माणसं दुखावतात. आतला कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथो, कव्हरला ३०० जीएसएम आर्ट कार्ड. प्रती दोनशे-तीनशेच हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते, पाचशेच्या पुढे ऑफसेट. बांधणी मात्र शिवणीची मागा. नुसत्या डिंकाच्या बांधणीचा कणा सोलापूरच्या उन्हाळ्यात, विशेषतः बंद गाडीत राहिला तर, दगा देतो आणि पानं सुटतात.

लेख युनिकोडमध्येच मागवा. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर बदलून घेताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात आणि मुद्रितशोधनाचं काम दुप्पट होतं. फोटो व्हॉट्सअॅपवर नुसता पाठवला की दाबला जातो, तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. छापताना ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतं. मुद्रितं (प्रुफं) दोनदा तपासा, दुसऱ्यांदा लेखकाकडे न पाठवता तिऱ्हाइताकडे द्या. या सगळ्याला तीन महिने हाताशी ठेवा.

पुस्तक विकायचं असेल तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) घ्या. तो राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते. हे बहुतेक आयोजक विसरतात आणि वीस वर्षांनी त्या पुस्तकाची प्रत कुठेच सापडत नाही.

आणि एक, जरा आगाऊपणे: कार्यक्रमाआधी तुम्ही तीस-चाळीस जणांनी आपापली उधारी फेडून टाका. अण्णांना दुसरी कुठली भेट इतकी आवडणार नाही.

प्रश्न: सहस्रचंद्रदर्शन नेमकं कितव्या वर्षी?
वाचक, पंढरपूर

उत्तर: पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस. हजार पौर्णिमांना सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे जवळजवळ ८० वर्षं १० महिने. घरोघरची रीत यात थोडं मागेपुढे करते, त्यावर वाद घालू नये.

प्रश्न: पुण्याला एका दिवसात पुस्तकांसाठी जाऊन यायचं आहे. वेळ कसा बसवावा? जुनी पुस्तकं घेताना काय पाहावं?
दोन मैत्रिणी, जुळे सोलापूर

उत्तर: सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरा, साडेदहाच्या सुमारास पुण्यात पोचते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास परत निघते. म्हणजे हातात सात तास, त्यातले खरे पाच. वेळापत्रक निघण्यापूर्वी पाहून घ्या. वार मंगळवार ते शुक्रवार निवडा. रविवारी पेठांतली प्रकाशकांची कार्यालयं बहुतेक बंद असतात आणि दुपारी एक ते चार ही वेळ अनेक दुकानांत अजूनही झोपेची आहे.

स्टेशनवरून मेट्रोने सिव्हिल कोर्टला उतरा, तिथे स्वारगेटची गाडी पकडून कसबा पेठ. तिथून अप्पा बळवंत चौक चालत दहा-बारा मिनिटं. इथली बरीच दुकानं क्रमिक आणि स्पर्धा परीक्षांची आहेत, हे पाहून निराश होऊ नका. ललित पुस्तकांसाठी त्याच चौकात रसिक साहित्य आहे, पुढे बाजीराव रस्त्यावर अक्षरधारा. दुपारच्या बंद वेळेत टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद (स्थापना १९०६) किंवा सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) यांपैकी एकच पाहा. भांडारकर प्राच्यविद्या संस्था विधी महाविद्यालय रस्त्यावर, म्हणजे दुसऱ्या टोकाला आहे. ती घेतलीत तर पेठा अर्ध्या सोडाव्या लागतील. डेक्कनला जायचं तर इंटरनॅशनल बुक सर्व्हिस आहे, १९३१ पासूनचं. डेक्कनहून स्टेशनला थेट मेट्रो मिळते, म्हणून डेक्कन शेवटी ठेवा. सरकारी गॅझेटिअर (जिल्ह्यांचे माहितीग्रंथ) हवी असतील तर शासकीय ग्रंथागार जीपीओजवळ, स्टेशनच्या वाटेवरच पडतं.

यादी घरून करून न्या, पण आधी ती आपल्या गावातल्या विक्रेत्याला दाखवा. निम्मी पुस्तकं तो आठवड्यात मागवून देईल आणि पुण्यात फक्त न मिळणारी शोधायची उरतील. अडीचशे पानांचं डेमी पुस्तक साधारण ३०० ग्रॅम भरतं, वीस पुस्तकं म्हणजे सहा किलो. खांद्यावर नको असेल तर टपालाने पाठवा. १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ज्ञान पोस्ट या पुस्तकांच्या टपालसेवेत ३०० ग्रॅमला २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पार्सल जमिनीवरून जातं, त्यामुळे वेळ लागतो. नियतकालिकं त्यात चालत नाहीत, तेव्हा जुने दिवाळी अंक हातातच आणा. गठ्ठ्याला सुतळी थेट बांधू नका, कडा कापल्या जातात. चारही कोपऱ्यांना पुठ्ठा लावा. पुण्याच्या नातलगांसाठी शेंगाचटणी नेणार असाल तर ती दुहेरी पिशवीत आणि वेगळ्या झोळीत, कारण परतीला त्याच झोळीत पुस्तकं येतात आणि तेलाचा डाग कागदातून निघत नाही.

जुनं पुस्तक घेताना किमतीआधी तळाचे अंक पाहा. शिशाच्या खिळ्यांनी छापलेल्या पुस्तकांत प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानाच्या तळाशी बहुधा फॉर्मचा बारीक क्रमांक असतो: पृष्ठ १७ वर २, ३३ वर ३, ४९ वर ४. क्रमांक सलग आहेत का ते पाहिलं की मधला आख्खा फॉर्म गळालाय का ते मिनिटात कळतं. मग श्रेयपान, म्हणजे प्रकाशक आणि साल छापलेलं पान. ‘आवृत्ती’ म्हणजे मजकुरात फेरफार असण्याची शक्यता, ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे तेच परत छापलेलं. पण हे दोन शब्द प्रकाशक सैल वापरतात, म्हणून पहिल्या आणि नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनांच्या तारखा ताडून पाहा. साल शकात असेल तर ७८ मिळवा, पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखेला बहुधा ७९. शके १८५० म्हणजे १९२८. बुरशीचा वास येणारी प्रत कितीही स्वस्त असो, कपाटातल्या इतरांना ती लागण देते. किडीची बारीक भोकं दिसली तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये (उणे १८ अंश) दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर दव पानांवर बसतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी नको, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि गोंद कागदात उतरतो.

प्रश्न: आमचं वाचक मंडळ महिन्याला एक पुस्तक घेतं. अलीकडे वाचलेल्यावर बोलायचं ठरतं, पण प्रत्येक जण कथानक सांगतो आणि वेळ संपतो. काही पद्धत आहे का?
वाचक, बार्शी

उत्तर: कथानक सांगण्यावर बंदी घाला, सगळ्यांनी वाचलेलंच असतं. प्रत्येकाने दोन पृष्ठक्रमांक घेऊन यावं: एक जिथे पुस्तकाने धरून ठेवलं, एक जिथे सोडावंसं वाटलं. तो परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मग चार मिनिटं बोलायचं. दहा माणसं म्हणजे तासाभरात फेरी होते. सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर पृष्ठक्रमांक जुळत नाहीत आणि पानं शोधण्यातच वेळ जातो.

टिपणासाठी वही ठेवा. पुस्तक संपल्याच्या दिवशी पाच ओळी: नाव, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव, आवृत्ती, दोन पृष्ठक्रमांक, एक शंका. आठवड्याने लिहाल तर मतच उरतं, तपशील जातो. अनुवाद घेतलात तर मंडळातल्या कन्नड किंवा तेलुगू वाचणाऱ्याला मूळ पुस्तक वाचायला सांगा. सोलापूर जिल्ह्यात अशी माणसं शोधावी लागत नाहीत, त्यांना विचारायचं तेवढं राहून जातं. ज्या परिच्छेदावर दोघांचं जमत नाही तिथून चर्चा सुरू करा.

पुस्तक जाहीर करण्याआधी दुकानात फोन करून दहा प्रती मिळतील का ते विचारा. मंडळं बंद पडतात ती बहुतेक वेळा इथेच: पुस्तक ठरतं, दोघांनाच मिळतं, बाकीचे नुसते चहाला येतात.