‘मी स्वतः वापरते’ यावर किती विसंबायचं?

इन्फ्लुएन्सरांच्या शिफारशींबद्दलचे बरेच प्रश्न साठले होते, ते आज एकत्र घेते. ग्राहकांना सल्ला देण्याच्या कामात येण्याआधी मी नऊ वर्षं एका जाहिरात संस्थेत होते. शेवटची चार वर्षं इन्फ्लुएन्सरांबरोबरचे करार मीच पाहायचे. खाली जे लिहिते आहे, त्यातलं बरंच तिथे जवळून पाहिलेलं आहे.

प्रश्न : त्वचेच्या काळजीबद्दल बोलणाऱ्या एका मुलीला मी चार वर्षं फॉलो करते. तिच्या सल्ल्याचा मला खरोखर फायदा झाला आहे. हल्ली मात्र तिचा दर दुसरा व्हिडिओ ‘पेड पार्टनरशिप’ असतो. ती ते लपवत नाही. ‘पैसे मिळाले असले तरी मत माझंच आहे,’ असं प्रत्येक वेळी सांगते. मग विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

उत्तर : ती खोटं बोलत नसेल, हे मी आधीच मान्य करते. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांतल्या बहुतेक जणी मनाला न पटलेली वस्तू सरळ नाकारायच्या. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे.

करारासोबत ‘ब्रीफ’ म्हणून दोन-तीन पानं जातात. पहिल्या तीन सेकंदांत वस्तू दिसली पाहिजे, कंपनीचं नाव दोनदा तरी यायला हवं, अमुक चार मुद्दे सुटता कामा नयेत, असं त्यात लिहिलेलं असतं. त्याखाली दुसरी यादी असते, काय टाळायचं याची. दुसऱ्या कंपनीचं नाव नको, किमतीची तुलना नको, ‘सगळ्यांना चालेलच असं नाही’ यासारखी वाक्यं नकोत. व्हिडिओ तयार झाला की आधी कंपनीकडे मंजुरीसाठी जातो, मग तुमच्याकडे येतो.

एकदा एका फेसक्रीमच्या व्हिडिओत एक मुलगी सहज म्हणाली होती, ‘वास जरा उग्र आहे, पण तासाभरात जातो.’ किती उपयोगी वाक्य! कंपनीकडून व्हिडिओ परत आला तो नेमक्या त्या पाच-सहा सेकंदांवर खूण करून. ते काढायला तिला मीच सांगितलं आणि तिने काढलं. उरलेल्या व्हिडिओतला शब्द न् शब्द खरा होता. ज्यांना वासाचा त्रास होतो अशा कितीतरी जणींनी ती क्रीम घेतली असेल, हे मला आजही टोचतं.

म्हणून ‘मत माझंच आहे’ हे खरं असूनही पुरेसं नसतं. पैशाचा परिणाम बोललेल्या वाक्यांपेक्षा गाळलेल्या वाक्यांवर जास्त होतो. शिवाय पुष्कळ करारांत एक अट असते, ठरावीक काळ त्याच प्रकारच्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूचं कौतुक करायचं नाही. ती दुसऱ्या क्रीमबद्दल गप्प आहे, याचा अर्थ तिला ती आवडली नाही असा होत नाही.

आता ती लपवत नाही याबद्दल. ते चांगलंच आहे, पण त्याने आपण गाफील होतो. डेलियन केन, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि डॉन मूर या संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाण्यांनी भरलेली बरणी काही जणांना लांबून, थोडाच वेळ दाखवली आणि आतल्या रकमेचा अंदाज करायला सांगितलं. बरणी जवळून पाहिलेले सल्लागार त्यांच्या मदतीला होते. काही सल्लागारांचा मोबदला मात्र समोरच्याचा अंदाज जितका चढा जाईल तितका वाढणार होता. हे हितसंबंध उघड केले तेव्हा सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले. आपण सांगून मोकळे झालो आहोत, आता समोरच्याने पाहून घ्यावं, अशी मोकळीक त्यांना मिळाली असावी. ऐकणाऱ्यांनी सल्ल्यातून थोडंफार वजा केलं, पण पुरेसं केलं नाही. ‘पेड’ ही पाटी वाचल्यावर आपलंही हेच होतं. पाटी वाचली म्हणजे सावध झालो, असं वाटतं.

तुम्ही तिला सोडू नका. क्रीम दाट आहे की पातळ, किती घ्यायची, कशी लावायची, हे ती दाखवते ते डोळ्यांनी पाहण्यासारखं असतं, ते खुशाल घ्या. ‘घ्यावी की नाही’ हा निकाल तेवढा तिच्याकडून घेऊ नका. आणखी एक करा. तिचे पैसे न घेतलेले व्हिडिओ शोधा आणि मागच्या फळीवर कोणत्या बाटल्या अर्ध्या संपलेल्या दिसतात ते पाहा. वर्षभरापूर्वी डोक्यावर घेतलेली वस्तू करार संपल्यावर पुन्हा एकदा तरी दिसली का, तेही पाहा.

प्रश्न : जाहिरात आहे असं कुठेच लिहिलेलं नसतं, तरी शंका येते. ओळखायचं कसं?

उत्तर : शंका बहुतेक वेळा रास्त असते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये ५७६ इन्फ्लुएन्सरांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांतले ९७ टक्के जण व्यावसायिक मजकूर टाकत होते, पण दर वेळी न चुकता तसं सांगणारा पाचांत एकच होता.

सगळ्यात चांगली खूण म्हणजे एकच वस्तू एकाच आठवड्यात चारपाच ओळखीच्या खात्यांवर दिसणं. अमेरिकेतल्या ‘लॉर्ड अँड टेलर’ने २०१५ मध्ये एकच ड्रेस पन्नास फॅशन इन्फ्लुएन्सरांना दिला, वर पैसेही दिले. एकाच वीकएंडला सगळ्यांनी तो घालून इन्स्टाग्रामवर फोटो टाकले. कंपनीचा उल्लेख आणि हॅशटॅग यायलाच हवा, ही अट होती आणि पोस्ट कंपनीने आधी तपासल्याही होत्या. पैसे दिल्याचं सांगा, हे मात्र कोणाला सांगितलं नव्हतं. ड्रेस हातोहात संपला. तिथली व्यापारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, फेडरल ट्रेड कमिशन, हिने पुढच्या वर्षी त्यावर कारवाई केली.

दुसरी खूण शब्दांची. ‘थँक्यू अमुक ब्रँड’, नुसतं ‘कोलॅब’, नुसतं ‘अँबॅसडर’ असे शब्द पुरेसे स्पष्ट नाहीत, असं याच कमिशनच्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. वस्तू फुकट मिळाली असेल तर तेही सांगायला हवं. ‘मी एक पैसाही घेतलेला नाही’ हे वाक्य ऐकलं की खोकं कोणी पाठवलं, हा प्रश्न मनात येऊ द्या.

आणि कोड. तिच्या नावाचा डिस्काउंट कोड असेल तर प्रत्येक विक्रीमागे तिला बहुधा कमिशन मिळतं. कमिशन घेणं गैर नाही. पण ‘माझ्या आवडत्या दहा वस्तू’ या यादीत दहाही वस्तूंना लिंक असेल, तर ज्या वस्तूवर कमिशन मिळत नाही ती यादीत आलीच नसण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : लाखो फॉलोअर्सवाल्यांपेक्षा पाच-दहा हजारवाले जास्त प्रामाणिक असतात ना?

उत्तर : तसं काही नाही. लहान खात्यांना अनेकदा पैशांऐवजी वस्तूच मिळते, आणि पहिल्यांदाच घरी आलेल्या भेटीबद्दल वाईट बोलणं नव्या माणसाला फार जड जातं. पुढचं खोकं येणार नाही ही धास्तीही असते. फॉलोअर्सचा आकडा तर विकतही मिळतो. असे खोटे आकडे धंद्यासाठी विकण्या-घेण्यावर अमेरिकेत २०२४ मध्ये वेगळा नियम करावा लागला. आकडा सोडा, त्या व्यक्तीने आजवर कशाला ‘घेऊ नका’ म्हटलं आहे ते शोधा.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा एका गेमिंग यूट्यूबरचा भक्त आहे. तो दाखवेल तो कीबोर्ड, तो हेडफोन हवा असतो. ‘त्याला पैसे मिळतात’ म्हटलं की चिडतो आणि म्हणतो, ‘तुम्हाला तो माहीत नाही, मला माहीत आहे.’ काय करू?

उत्तर : त्याला तो माहीत आहे असं त्याला अगदी मनापासून वाटतं, हे आधी समजून घ्या. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच, टीव्ही नवा होता तेव्हा, या एकतर्फी जवळिकीचं वर्णन केलं होतं. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलतो, रोज भेटतो, आपल्याला त्याचं सगळं ठाऊक असतं, त्याला मात्र आपलं काहीच ठाऊक नसतं. तेरा वर्षांच्या मुलासाठी तो मित्रच आहे. त्यामुळे ‘त्याला पैसे मिळतात’ हे तुमचं वाक्य मित्रावरच्या आरोपासारखं लागतं.

त्यापेक्षा त्याच्याशेजारी बसून तोच व्हिडिओ आवाज बंद करून पाहा. आवाज गेला की हात दिसायला लागतात. कंपनीचं नाव कायम कॅमेऱ्याकडे कसं राहतं, खोकं कोणत्या कोपऱ्यात ठेवलं आहे, तुकडा कुठे तोडून जोडला आहे, हे मुलं आपल्याहून लवकर टिपतात. ‘तीन महिने हाच वापरतोय’ असं तो म्हणत असेल तर कीबोर्ड जवळून पाहायला सांगा. रोज खेळणाऱ्याच्या साध्या प्लास्टिकच्या कीबोर्डवर डब्ल्यू, ए, एस, डी या कळा बोटांनी घासून चकाकायला लागतात. तुमच्या मुलाच्या कीबोर्डवरही लागल्या असतील. त्याला स्वतःला फरक दिसू द्या, तुम्ही बोलू नका.

नंतर कधीतरी त्याला ही हकीकत सांगा. ट्रेव्हर मार्टिन आणि थॉमस कॅसल हे दोन लोकप्रिय यूट्यूबर ‘सीएसजीओ लोटो’ नावाच्या साइटवर गेममधल्या वस्तू पणाला लावून जिंकतानाचे व्हिडिओ टाकायचे. ती साइट त्यांच्याच मालकीची होती, आणि हे त्यांनी प्रेक्षकांना नीट सांगितलेलं नव्हतं. २०१६ मध्ये ते उघडकीला आलं. २०१७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने थेट इन्फ्लुएन्सरांवर केलेली ती पहिली कारवाई ठरली. ही गोष्ट त्याच्या जगातली आहे, तुमच्या उपदेशापेक्षा ती आत पोचेल.

प्रश्न : आई एका इन्फ्लुएन्सरचं ऐकून सांधेदुखीच्या कॅप्सूल मागवते आणि भाऊ दुसऱ्याचं ऐकून क्रिप्टोत पैसे घालतो. दोघांनाही समजावून थकलो.

उत्तर : क्रीम किंवा कीबोर्डच्या बाबतीत मी थोडंफार घ्या, थोडंफार सोडा म्हणते. शरीरात जाणारी गोष्ट आणि साठवलेला पैसा, या दोन बाबतींत तसं म्हणणार नाही. इथे पैसे घेऊन केलेली शिफारस शून्य धरा.

दोन्हींची उदाहरणं एकाच प्रसिद्ध व्यक्तीची आहेत. किम कार्दाशियन यांनी २०१५ मध्ये गरोदरपणातल्या मळमळीवरच्या डायक्लेजिस या औषधाबद्दल पोस्ट टाकली. आपल्याला बरं वाटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने औषध कंपनीला ताकीद दिली ती कशासाठी? औषधाच्या जोखमींचा त्या पोस्टमध्ये उल्लेखच नव्हता म्हणून. पुढे २०२१ मध्ये त्यांनी इथेरियममॅक्स या क्रिप्टो टोकनबद्दल पोस्ट केली. तिच्यात ‘जाहिरात’ असा हॅशटॅग होता. अडीच लाख डॉलर मिळाले, हे मात्र नव्हतं. तिथल्या कायद्याप्रमाणे मोबदल्याचा आकडाही सांगणं भाग असल्याने २०२२ मध्ये त्यांनी १२ लाख ६० हजार डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. दोन्ही वेळा ठपका आला तो न लिहिलेल्या गोष्टीवर.

आईशी वाद घालू नका. कॅप्सूलची बाटली आणि त्या सध्या घेत असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आधीच्या औषधांबरोबर ही चालते का, एवढंच विचारा, आणि हे लवकर करा. भावाला एकच विचारा, ‘तो सांगतोय त्यात पैसे बुडाले तर त्याचे किती बुडतील?’

प्रश्न : मग विश्वासाची माहिती मिळते कुठे?

उत्तर : जे वस्तू स्वतः विकत घेऊन तपासतात त्यांच्याकडे. अमेरिकेत १९३६ पासून ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे काम करते, ब्रिटनमध्ये १९५७ पासून ‘विच’, जर्मनीत १९६४ पासून ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’. वस्तू सामान्य गिऱ्हाइकासारखी विकत घ्यायची, म्हणजे खास निवडलेला नमुना हाती येत नाही, ही साधी रीत. त्यांनी तपासलेलं मॉडेल तुमच्याकडे मिळत नसलं तरी अहवाल वाचा. मिक्सरमध्ये किंवा गादीत नेमकं काय पाहायचं असतं ते त्यातून कळतं. ग्राहकांचे अभिप्राय वाचताना पाचपैकी दोन-तीन तारे देणारे आधी वाचा. वस्तूचा खरा स्वभाव तिथे सापडतो.

प्रश्न : ताई, मी एकोणीस वर्षांची आहे. नऊ हजार फॉलोअर्स आहेत. पहिल्यांदाच एका ब्रँडने पैसे देऊ केलेत. शाम्पू मिळून आठ दिवस झालेत आणि स्क्रिप्टमध्ये ‘दोन महिने वापरतेय’ असं वाक्य आहे. नाही म्हटलं तर काम जाईल. काय करू?

उत्तर : तू विचारलंस याचाच मला फार आनंद झाला. ते वाक्य बोलू नकोस. न वापरलेल्या वस्तूचा अनुभव सांगायला लावणं ही किरकोळ बाब नाही. ‘पिक्सेल ४’ हा फोन हातात न आलेल्या रेडिओ निवेदकांकडून ‘मी या फोनने असे फोटो काढले’ अशा जाहिराती वदवून घेतल्याचा आरोप गूगल आणि ‘आयहार्ट’ या रेडिओ कंपनीवर झाला. २०२२ मध्ये दोघांना मिळून ९४ लाख डॉलर भरायला लागले. तिथे वाक्य लिहिणाऱ्या मोठ्या कंपन्यांना धरलं. तुझ्या व्हिडिओत चेहरा तुझा असणार आहे.

मी त्या बाजूला काम केलेलं आहे, म्हणून सांगते. अशी स्क्रिप्ट बहुधा आठ-दहा जणींना एकदमच गेलेली असते आणि ‘दोन महिने’ कोणीतरी विचार न करता टंकलेलं असतं. बदल मागितला की बऱ्याचदा अर्ध्या तासात मिळतो. फोन करू नकोस, लेखी पाठव. हे वाटलं तर जसंच्या तसं वापर : ‘शाम्पू मला आठ दिवसांपूर्वी मिळाला. मी आठ दिवसांचा अनुभव सांगेन किंवा आणखी सात आठवडे वापरून मग व्हिडिओ करेन. दोन्हीपैकी काय चालेल ते कळवा. पेड असल्याची पाटी व्हिडिओच्या सुरुवातीलाच असेल, आणि मला न आवडलेली एक गोष्ट मी सांगणार आहे.’

उत्तर काय आलं ते मला नक्की कळव.