विंचवाची कळ थांबली, तरी दवाखान्यात न्यायचं का?

प्रश्न: संध्याकाळी पडवीतली फाटी काढताना माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याला तांबडा विंचू चावला. तासाभराने तो रडायचा थांबला. सासूबाई म्हणाल्या, "उतरला विंचू, निजू दे." पण त्याचा सदरा घामाने भिजलेला पाहून आम्ही त्याला तालुक्याला नेलं. आता तो बरा आहे. पुढच्या वेळी कशावरून ओळखायचं?
– एक वाचक, माणगाव

उत्तर: ताई, घाम पाहून निघालात ते अगदी योग्य केलंत. कळ थांबली म्हणजे विष उतरलं, ही समजूत आपल्या कोकणात घरोघरी आहे आणि तिच्यापायी पोरं दगावली आहेत. पोर नुसतं कळीने बोंबलत असेल तर बहुधा निभावतं. विष अंगात भिनतं तेव्हा कळ कमी आणि घाम फार, असं उलटंच होतं. ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात, छाती धडधडते. मुलग्यांचं लिंग ताठ राहतं. सांगायला संकोच वाटतो, पण डॉक्टरांना हे जरूर सांगा, निदानाला फार उपयोग होतो. पुढे धाप लागून तोंडाला गुलाबी फेस आला, तर फुप्फुसात पाणी भरलंय असं समजा.

तिथवर थांबूच नका. लहान मुलाला तांबडा विंचू चावला की लक्षणांची वाट न पाहता निघायचं, असं माझं स्पष्ट मत आहे. 108 ला फोन करा. गाडीला उशीर असेल तर वाडीतली रिक्षा काढा. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. जखम कापणं, चोखणं, दोरीने आवळणं, काही करू नका. मांत्रिकाकडे तर नकोच. बऱ्याच जणांची कळ दिवसभरात आपोआप जाते आणि नाव मंत्राचं होतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980 च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली, तेव्हापासून असंख्य जीव वाचले. मात्र ती घरी देऊ नका, रक्तदाब एकदम उतरू शकतो. दवाखान्यात गोळीनंतर मुलाला आडवंच ठेवतात, गरजेप्रमाणे विंचवाची लसही देतात. विष ओसरू लागलं की चावल्या जागी पुन्हा ठणका सुरू होतो. त्याने घाबरू नका, ते सुधारण्याचं लक्षण आहे. पण डॉक्टर सोडेपर्यंत घरी न्यायची घाई करू नका.