दारावरून गेले, पण थांबले नाहीत

"मॅडम, हे फोनच उचलत नाहीत. आणि उचलला तर अंगावर येतात."

मालट्रक चालवणाऱ्यांच्या बायकांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. माझं कुटुंब समुपदेशन केंद्र नाशिकला आहे, त्यामुळे मुंबई-आग्रा रोडच्या दोन्ही अंगांच्या गावांतून बायका येतात. बऱ्याच जणींचे नवरे पूर्वी एखाद्या शेठची गाडी चालवायचे आणि आता शेकडो गाड्या असणाऱ्या मोठ्या कंपनीत लागलेत. पगार वाढला, घरात फ्रिज आला, पोरं इंग्रजी शाळेत गेली. मग बोलणं का बंद झालं, हे कोडं घेऊन त्या माझ्यासमोर बसतात. थोड्या वेळाने खालच्या आवाजात दुसरं वाक्य येतं : "तिकडं कुणी असेल का हो?"

त्यातल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिचं गाव पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यापासून जवळ. नवरा भिवंडीहून कोलकात्याजवळच्या डानकुणीपर्यंत बत्तीस फुटी कंटेनर नेतो. नाशिक, धुळे, अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असा जवळपास 1900 किलोमीटरचा रस्ता. मुलाने बापाच्या मोबाइलचं लोकेशन आईच्या मोबाइलवर लावून दिलं होतं. दिवसभर ती तो ठिपका बघायची.

"रात्री देवरीच्या पुढं गाडी चार तास एका जागी. मला वाटलं, अपघात झाला. नंतर वाटलं, दुसरंच काही असेल. फोन लावत राहिले. उचलला आणि म्हणाले, मरू दे मला झोपून. असं बोलतं का कुणी?"

"ताई, सगळ्यात जास्त लागलं ते हेच का?"

तिने मान हलवली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"गेल्या महिन्यात गाडी आमच्याच नाक्यावरून गेली. घर दहा मिनिटांवर. पोरगं अंगणात उभं होतं. ठिपका सरळ पुढं गेला. थांबले नाहीत, फोन नाही, काही नाही. परक्याच्या गावावरून गेल्यासारखे."

माणूस वाईट वागला की त्याच्यात दोष शोधायचा, ही पद्धत मला कधीच पटली नाही. माणूस ज्या नात्यांमध्ये आणि ज्या कामात उभा आहे, ते सगळं मी एकत्र बघते. म्हणून तिला एवढंच म्हटलं की ते सुट्टीवर आले की दोघं या, आणि तोवर त्यांना जाब विचारू नका.

तो आला तेव्हा मोबाइल हातातच होता, स्क्रीन वर करून. मी भांडणाबद्दल काहीच विचारलं नाही. "भाऊ, कंपनीत एक दिवस कसा असतो, ते सांगा. मला ट्रकमधलं काही कळत नाही." बायकोनेही हे कधी ऐकलेलं नव्हतं.

आधी त्याने चांगलंच सांगितलं. पगार तारखेला खात्यात, पीएफ, विमा, टायर चांगले, रस्त्यात गाडी बिघडली तर फोनवर मदत. शेठकडे यातलं काही नव्हतं. पण शेठच्या गाडीवर सोबत क्लीनर होता. चहा आणायला, आरसा बघायला, रात्री बोलत राहायला कुणीतरी होतं. कंपनीच्या गाडीवर तो एकटा. समोर काचेला कॅमेरा, दुसरा त्याच्या तोंडावर. वेग वाढला की केबिनमध्ये अलार्म. ठरलेल्या जागेव्यतिरिक्त गाडी थांबली की कंट्रोल रूमचा फोन. डिझेलचं अ‍ॅव्हरेज पडलं की विचारणा. "ई-वे बिलावर, म्हणजे मालासोबतच्या सरकारी परवान्यावर, दोनशे किलोमीटरला एक दिवस धरतात, म्हणजे कागदावर जवळपास दहा दिवस असतात. कंपनी चार दिवसांत माल मागते. त्यात लोडिंगला सहा तास रांगेत गेले, तर ते माझ्याच झोपेतून कापायचे."

"फोन वाजला की काय होतं?"

"पोटात गोळा येतो, मॅडम. कंपनीचा असो की घरचा, पहिला प्रश्न तोच. कुठं आहेस? का थांबलास?"

बायकोने चटकन त्याच्याकडे बघितलं. तिच्या फोनची सुरुवातही याच प्रश्नाने होत होती. ती काळजीने विचारायची, पण त्याच्या कानापर्यंत येताना त्यातली काळजी गळून पडायची आणि हिशेब तेवढा उरायचा. दिवसभर जाब देणारा माणूस रात्री घरालाही जाबच देत होता. शेवटी त्याने फोन उचलणंच सोडलं.

मी विचारलं, "आणि नाक्यावर का नाही थांबलात?"

तो गप्प झाला. अशा वेळी घाईने दुसरा प्रश्न विचारायचा नाही, हे मी कसोशीने पाळते. शांतता सहन करणं हा आमच्या कामाचा निम्मा भाग आहे. बायको काही बोलणार होती, मी हातानेच थांबवलं.

"घराच्या अलीकडचं ओझर आलं की मी डावीउजवीकडं बघतच नाही," तो म्हणाला. "सरळ रस्त्यावर नजर. बघितलं ना, तर गाडी पुढं जाणार नाही. एकदा बघितलं होतं. चांदवडपर्यंत डोळ्यांतलं पाणी थांबेना, रस्ता दिसेना. तेव्हापासून ठरवलं, घर आलं की घर नाहीच असं धरायचं."

ती रडली. "मला वाटलं, तुम्हाला आमची आठवणच राहिली नाही."

"अगं, आठवण येते म्हणूनच."

त्या दिवशी मी पुढे फारसं काही बोलले नाही, गरजच नव्हती. ज्या गोष्टीचा अर्थ तिने 'आम्ही नकोसे झालोय' असा लावला होता, तीच त्याच्या ओढीची सगळ्यात मोठी खूण निघाली. इतक्या वर्षांच्या कामात हे मी अनेकदा पाहिलंय, तरी प्रत्येक वेळी या कामावरचा माझा विश्वास वाढतो. कोरडेपणा दिसला की त्याच्या मागे काय दाबून ठेवलंय ते शोधावं. बहुतेकदा तिथे प्रेमच असतं, आणि ते बाहेर आलं तर आपण कोसळू अशी भीती असते.

मग आम्ही व्यवहाराकडे वळलो.

पहिली गोष्ट झोपेची. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचा प्रतिसाद रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे गाडी चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. पहाटे दोन ते पाचमध्ये तर शरीर आपणहून झोप मागतं. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तास आणि लांबच्या मार्गांवर फार तर 10 तासांची मर्यादा घातली होती. रस्त्यावर ती किती पाळली जाते, हे ढाब्याबाहेर उभ्या गाड्यांच्या केबिनमध्ये डोकावलं की कळतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, पण याची गाडी त्याआधीची. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी त्या केबिनमध्ये झोप लागत नाही. रात्री लागते ती दोन-तीन तासांची. ती झोप मोडणारा फोन प्रेमाचा असला तरी धोक्याचा आहे, हे तिला मी स्पष्ट सांगितलं. ठिपका बघणं तिने स्वतःहून बंद केलं. त्याच्याकडून एक शब्द घेतला : झोपायच्या आधी एक मिस कॉल, उठल्यावर एक. बाकी वेळ तिने आपणहून फोन करायचा नाही, अगदीच अडचण असली तर लागोपाठ दोनदा वाजवायचा.

दुसरी गोष्ट बोलण्याची. तो जेवायला थांबेल तेव्हा दहा मिनिटं. 'कुठे पोचलात' आणि 'कधी येणार' हे दोन प्रश्न वर्ज्य. मुलाने शाळेत काय केलं, म्हैस किती दूध देते, कांद्याला काय भाव मिळाला, असं काहीही चालेल. त्याला घर ऐकू आलं पाहिजे.

तिसरी गोष्ट घरी परतल्यानंतरची, आणि इथे बहुतेक घरं चुकतात. तो आला की पहिल्याच संध्याकाळी फीचा, कर्जाचा, भावकीच्या वादाचा विषय काढतात. पहिला दिवस फक्त झोपेचा आणि आंघोळीचा ठेवा. आणि तो नसताना घर त्याच्यावाचून चालायला शिकलेलं असतं, तेव्हा त्याच्या हातात निदान एक काम परत द्या. या घरात मुलाच्या शाळेत पालकसभेला जाणं त्याच्याकडे आलं. सभेची तारीख सुट्टीत पडली नाही तर तो वर्गशिक्षिकेला नंतर भेटतो.

चौथी गोष्ट मी सुचवली तेव्हा तो आधी नको म्हणाला. कंपनीच्या ठरलेल्या थांब्यांत घराजवळचा एखादा पंप घ्यायला लेखी सांगा, असं मी म्हटलं. "आमचं कोण ऐकतं, मॅडम?" आम्ही दोघांनी बसून चार ओळींचा अर्ज लिहिला : झोप आणि जेवण याच थांब्यावर होईल, वेळ वाढणार नाही. फ्लीट सुपरवायझरने तो मान्य केला. आता डानकुणीकडे जाताना तो तिथे पाऊण तास थांबतो आणि ती डबा घेऊन जाते. मोठ्या कंपन्या ऐकतच नाहीत असं मानून पुष्कळ चालक विचारतच नाहीत. नियम कठोर असतात तसे ते लिहिलेलेही असतात, म्हणून लिहून मागितलं तर कधीकधी मिळतं.

संशयाबद्दल विचारणाऱ्या बहिणींना मी सरळ सांगते. फोन न उचलणं हा पुरावा नाही. पगार खात्यात येऊनही घरात पैसा येत नसेल, दारू वाढली असेल, हात उचलला जात असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे समजूत घालत बसू नका, 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. आणि चालक बांधवांनो, छातीत धडधड, झोप उडणं, गाडी दरीत घालावी असे विचार येत असतील, तर 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं आणि केबिनमधूनच बोलता येतं.

हे जोडपं अजून अधूनमधून येतं. भांडणं होतात, पण आता ती पैशांवरून आणि सासूवरून होतात, म्हणजे चारचौघांसारखी. परतीच्या फेरीत मात्र घराजवळचा थांबा कंपनीने दिलेला नाही. त्यासाठी त्याने या वेळी अर्ज स्वतःच लिहिला आहे.