मागचं पान उघडू नकोस

प्रिय लेकरा,

अनेक आशीर्वाद.

परवा तू लातूरला परत निघालीस तेव्हा पाठीवर सॅक, हातात आईनं दिलेला डबा आणि बाहेर रिक्षावाल्याचा हॉर्न. त्या घाईत उंबऱ्यात थांबून विचारलंस, "बाई, आता सुडोकूत मन लागत नाही. दोन मिनिटं झाली की बोट आपोआप हिंटवर जातं. माझं डोकं बोथट झालं का? की हे सगळं सोडूनच देऊ?" उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र.

डोकं बोथट झालेलं नाही. तू उत्तर बघायला लागलीस. बाकी काहीही झालेलं नाही.

"एवढंच?" म्हणशील. हो, एवढंच. आणि हे एवढंच मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. कोडं अडलं तर अडू दे. मागचं पान उघडू नकोस.

तुझ्या क्लासची शिस्त मला कळते. नीटला 180 प्रश्न आणि 180 मिनिटं. एका ठिकाणी रेंगाळलं की पुढचे चार हातचे जातात. अडलं की सरका, पर्याय घालून बघा, चुकीचे खोडा, उरेल तो गोळा काळा करा. परीक्षेत हेच बरोबर आहे, ते मन लावून कर. पण दिवसभर तेच केल्यावर रात्री कोडं समोर आलं तरी हाताला तेवढंच सुचतं. तिथं घड्याळ नसतं, रँक नसते, तरी तू पळत सुटतेस. मग मजा यायची कुठून? मजा उत्तरात नसतेच गं. उत्तर म्हणजे चौकटीत भरलेले आकडे, ते फोन क्षणात भरून देतो. मजा असते ती अडलेल्या वेळात, आणि नेमका तोच वेळ तू काढून टाकलास.

एर्नो रुबिकनं 1974 साली बुडापेस्टमध्ये तो रंगीत घन केला. शिक्षकच होता, वय तिशीच्या आसपास. घन फिरवला, रंग विस्कटले आणि मग त्याच्या लक्षात आलं की ते परत जुळवायचे कसे हे त्यालाही ठाऊक नाही. महिनाभर लागला त्याला. ज्यानं कोडं केलं त्याच्याजवळही उत्तर नव्हतं आणि विचारायला जगात दुसरं कुणी नव्हतं! आता आपल्या अंबाजोगाईच्या बाजारात घन घेतला की पोरं व्हिडिओ बघून सूत्रं पाठ करतात आणि मिनिटाच्या आत जुळवून दाखवतात. बोटांचं कसब म्हणून मला कौतुक आहे. पण रुबिकचा तो महिना त्या पोरांना कधीच मिळणार नाही, याचं फार वाईट वाटतं.

मला तो महिना आजीनं दिला. उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणं पडायची आणि आजी कोडी घालायची. धाकट्यांना "सुपभर लाह्या, मधे रुपया" असलं सोपं, जे वर आभाळाकडं बघितलं की सुटतं. मोठ्यांना अवघड. सुटलं नाही तर ती उत्तर सांगायची नाही. रडा, रुसा, पाय चेपून द्या, नाही म्हणजे नाही. "उद्या सांग," म्हणून कूस बदलायची. दुसऱ्या दिवशी विहिरीवर, रानात, शाळेच्या वाटेवर ते कोडं आमच्याबरोबर चालायचं. तिची काही कोडी आम्हाला सुटायच्या आतच ती गेली. त्यातलं एक अजून माझ्याजवळ तसंच आहे. बहिणींना आठवत नाही, गावात विचारावं असं त्या वयाचं कुणी उरलं नाही. ती होती तेव्हा सगळी कोडी लिहून घ्यायला हवी होती, असं राहून राहून वाटतं. कोडी म्हणतेय मी, उत्तरं नव्हे.

आणि ही काही माझ्या आजीचीच रीत नव्हती. आपेगावच्या ज्ञानोबांनी काट्याच्या अणीवर तीन गावं वसवली, पैठणच्या नाथांनी पाण्यालाच तहान लावली. दोघांनीही खाली उत्तर लिहून ठेवलं नाही. कीर्तनकार अजून त्यावर रात्र जागवतात.

मग लग्न झालं. या वयाबद्दल तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. परभणीला मोठं एकत्र कुटुंब, वर शाळेची नोकरी. पेपर आधी पुरुषांच्या हाती. माझ्यापर्यंत पोचायचा तेव्हा शब्दकोडं कुणीतरी पेननं अर्धं भरलेलं, त्यातलं निम्मं चुकलेलं. कागद-पेन्सिल घेऊन बसलेली सून कुणाला बघवत नसे. ती वर्षं मला अजून सलतात. पण मी कोडं सोडलं नाही, कागद सोडला. डोक्यात मावतील अशी कोडी धरली. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय कापरेकर तुला मी वर्गात सांगितले होते. त्यांनी 1949 साली शोधलेला 6174 मी भाकऱ्या थापताना करायची. चार अंकी कुठलीही संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, मग चढत्या क्रमानं, आणि वजाबाकी करायची. 3524 घे. 5432 मधून 2345 गेले, राहिले 3087. मग 8730 वजा 0378, आले 8352. मग 8532 वजा 2358, आले 6174. आता पुढं कितीही वजाबाक्या कर, 6174 हलत नाही. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या तिथंच येऊन थांबते. का थांबते? हा प्रश्न तव्यापाशी मला कित्येक महिने पुरला. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी समजावून सांगू का म्हणून विचारलं, तर मी हात जोडले. तेवढं एकच माझं स्वतःचं होतं त्या घरात.

अंबाजोगाईला आल्यावर मी वर्गात तेच केलं. शनिवारी फळ्यावर कोडं लिहायचं आणि उत्तर लिहायचं नाही. पालकांची तक्रार गेली की बाई उत्तर देत नाहीत, पोरं अभ्यास सोडून तेच करत बसतात. वरून बोलावणं आलं, पोर्शनकडं लक्ष द्या म्हणून समज मिळाली. माझा पोर्शन दरवर्षी वेळेत संपत असे, टाचणवही समोर ठेवली. तरी हट्टी बाई हे नाव पडलं ते पडलंच. शिकवण्या घेतल्या असत्या तर माडी चढली असती, असंही लोक म्हणाले. चढली असती. पण वर्गातल्या चाळीस पोरांच्या डोक्यात काम चालू असताना मी खडू उचलून ते बंद पाडायचं? कशासाठी? वर्ग दहा मिनिटं आधी शांत व्हावा म्हणून? मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. तू त्याच वर्गात होतीस. शनिवारचं कोडं सोमवारी प्रार्थनेच्या रांगेतच मला गाठून सांगायचीस, डोळे तारवटलेले आणि आवाज चढलेला. बोथट डोक्याची पोर अशी नसते.

आता माझ्याजवळ वेळ आहे आणि पेपर आधी माझ्याच हाती येतो. मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. आडव्या शब्दात 'ळी' असेल तर त्याच घरातून जाणाऱ्या उभ्या शब्दातही 'ळी'च हवी, 'ळ' किंवा 'ळा' चालत नाही. म्हणून ते रचणाऱ्याची कसोटी असते, आणि सोडवणाऱ्याला एक घर भरलं की बरंच काही हाती लागतं. मध्यंतरी एक शब्द अडला. 'वाड्याच्या दाराजवळची बैठकीची जागा', तीन घरं, शेवटी 'ज'. ओसरी बसेना, देवडी बसेना, पडवी बसेना. 'ज' आला होता खाली उतरणाऱ्या 'जमीन'मधून, म्हणून जमीनच चुकली की काय असं वाटलं. ती चारी बाजूंनी तपासली, पक्की होती. नातू म्हणाला, "आजी, फोनवर बघू?" त्याला मी चांगलंच दटावलं. पेपर घडी करून फ्रिजवर ठेवून दिला. बरेच दिवस गेले. शेंगा फोडत बसले होते आणि एकदम आजीचा आवाज आठवला, "ढाळजंत पाणी नेऊन दे गं." ढाळज! ज्या वाड्यात मी वाढले त्याची ढाळज, तिथला दगडी ओटा, कोपऱ्यातला रांजण, वसुलीला येऊन बसलेला तलाठी, सगळं एका शब्दामागून आलं. वाडा पडून जमाना झाला. नातवानं सांगितलं असतं तर मी "बरं" म्हणून तीन घरं भरली असती आणि कुकर लावायला उठले असते.

म्हणून सांगते, मागचं पान उघडू नकोस.

माझ्या वयाला लोक कोड्याकडं औषध म्हणून बघतात. मेंदूला व्यायाम, विसरभोळेपणा येत नाही वगैरे. 2022 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, सौम्य स्मृतिदोष असलेल्या माणसांना संगणकावरच्या खेळांपेक्षा शब्दकोड्यांचा थोडा जास्त उपयोग झालेला दिसला. चांगलं आहे, ज्यांना हवं त्यांनी घ्यावं. मी गोळी म्हणून कोडं घेत नाही. म्हातारपणी वेग जातो, शब्दांचा साठा मात्र टिकतो, म्हणून या वयात शब्दकोडं हाताशी येतं, इतकंच. आणि सुडोकूला पोरांचा खेळ समजू नकोस. ते रचणारा हॉवर्ड गार्न्स हा निवृत्त वास्तुविशारद 1979 साली ते पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. जगाला त्याचं वेड लागलं ते तो गेल्यावर.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सोडू नकोस, कमी कर. फोनमधून ते अ‍ॅप काढ. आठवड्याला एकच सुडोकू, कागदावर, पेन्सिलनं, आणि उत्तराचं पान आधीच फाडून मैत्रिणीकडं दे. अडलं की लक्षात ठेव, जे हवं ते सगळं तुझ्यासमोर छापलेलं आहे. सुरुवातीला 17 पेक्षा कमी आकडे दिले तर सुडोकूचं एकच एक उत्तर असू शकत नाही, हे 2012 साली डब्लिनच्या गणितज्ञांनी संगणकावर तपासून दाखवलं. तुझ्या पेपरात बहुतेक वेळा त्याहून जास्तच दिलेले असतात. मागच्या पानावर नवीन काहीही नसतं. आठवड्यात सुटलं नाही तर? तर नाही सुटलं. वहीत चिकटव आणि पुढचं घे. तू काही हरलीस असं होत नाही. ते कोडं तुझ्याजवळ राहिलं, एवढंच.

सोबत एक देते, याला कागदही लागत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं आहे, 1150 सालचं. भुंग्यांचा एक थवा. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढ, तेवढे भुंगे मालतीच्या वेलीकडं गेले. सगळ्या थव्याचे आठ नवमांश त्यांच्या मागोमाग गेले. एक भुंगा वासाच्या लोभानं कमळात शिरला आणि रात्री पाकळ्या मिटल्या तसा आतच अडकला. तो आत गुणगुणतोय आणि एक भुंगी बाहेरून त्याला साद देतेय. तर ही दोघंही धरून थव्यात भुंगे किती?

समीकरण मांडलंस तर पाच मिनिटांत येईल. मांडू नकोस. मेसला जाताना, अभ्यासिकेच्या जिन्यावर, झोप येईपर्यंत जवळ ठेव. दिवाळीपर्यंत सुटलं तर फोन कर. नाही सुटलं तरी कर, तुझा आवाज ऐकायला मला आवडतं. फक्त उत्तर विचारू नकोस, मी सांगणार नाही.

तुझी,
बाई