फीड रीडरमध्ये तीनशेच्या आसपास ब्लॉग आणि बातम्यांच्या साइट जमल्या आहेत, त्या लावायच्या कशा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकचे, द्राक्षाची बाग आणि थोडा कांदा, जोडीला मराठी ब्लॉग वाचायची जुनी आवड. रीडरमध्ये, म्हणजे निरनिराळ्या साइटवरचं नवीन लिखाण एका जागी दाखवणाऱ्या ॲपमध्ये, तीनशेच्या आसपास फीड (एकेका साइटच्या नव्या पोस्टांची आपोआप येणारी यादी, म्हणजेच आरएसएस) आहेत, विषयवार वीसेक फोल्डर केलेत, तरी न वाचलेल्यांचा आकडा हजारांच्या खाली येत नाही. तेव्हा फोल्डर अजून बारीक करावेत का?

नका करू. आहेत तेच मोडा.

तुमच्या ‘शेती’ फोल्डरचंच बघा. त्यात निर्यातशुल्काची बातमी असणार आणि जमिनीच्या क्षारतेवर कुणीतरी निगुतीनं लिहिलेला चार हजार शब्दांचा लेखही असणार. बातमी आज संध्याकाळपर्यंत वाचली नाही तर निरुपयोगी, लेख पुढच्या वर्षी वाचला तरी तेवढाच कामाचा. विषय एक म्हणून दोन्ही एका यादीत पडले, आणि रोज चाळीस बातम्या येत असल्यामुळे लेख दुपारपर्यंत तळाशी गेला. वीस फोल्डर केले तर हेच वीस ठिकाणी होतं. म्हणून फीड विषयाप्रमाणे लावू नका, ते किती दिवसांत शिळं होतं त्याप्रमाणे लावा.

मी पिंपळगावकडे एका पॅकहाऊसच्या ऑफिसात निर्यातीची कागदपत्रं बघतो. माझ्या रीडरमध्ये मुख्य फोल्डर तीनच आहेत: कोथिंबीर, लाल कांदा आणि चाळ. आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. कोथिंबीर आज गेली तर गेली. लाल कांदा काही दिवस थांबतो, पण साठवून ठेवता येत नाही. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, उन्हाळ कांदा, तो दिवाळीपर्यंत बघितला तरी चालतो.

कोथिंबिरीत दहापेक्षा जास्त फीड नकोत. यात फक्त असं काही, जे उशिरा कळलं तर तुमचे पैसे जातील. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, त्याच वर्षी डिसेंबरात थेट बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. असे निर्णय रात्रीत होतात आणि सकाळी माल गाडीत भरलेला असतो. सरकारी प्रसिद्धिपत्रकांसाठी पीआयबीचे आरएसएस फीड आहेत, रिझर्व्ह बँकेचेही आहेत. ते इथे घाला. मात्र लिलावाचा भाव रीडरमध्ये शोधू नका. रीडर तुमच्या वतीनं थोड्या थोड्या वेळानं साइटवर जाऊन काही नवीन आहे का ते पाहतो, फुकटच्या खात्यात हे अंतर आणखी लांबतं. लासलगावचा भाव त्याच्या कितीतरी आधी व्हॉट्सॲपवर आलेला असतो.

या फोल्डरची मांडणी ‘नवीन आधी’ ठेवा, आणि रोज रात्री ‘एक दिवसापेक्षा जुनं सगळं वाचलेलं समजा’ ही सोय वापरा. फीडली, इनोरीडर या दोन्ही रीडरांत ती आहे. न वाचता वाचलेलं समजायला हात धजावत नाही, हे मला माहीत आहे. पण परवाची कोथिंबीर कुणी घेत नाही.

लाल कांद्यात आठवड्याभराचं: एखाद्या विषयावरची सदरं, तंत्रज्ञानाचे ब्लॉग, तुमच्या आवडीच्या पत्रकाराचं लेखन. चाळीत बाकी सगळं, आणि तिथे मांडणी उलटी, ‘जुनं आधी’. तिथलं काहीही आपोआप वाचलेलं होऊ देऊ नका.

फीडचं फोल्डर कायमचं नसतं, हेही लक्षात ठेवा. हवामानावर लिहिणाऱ्यांचे ब्लॉग मे महिन्यात चाळीत पडले तरी बिघडत नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की ते उचलून कोथिंबिरीत आणायचे, आणि माल उतरेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, तिथेच ठेवायचे. फुलोऱ्यात पाऊस आला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. विषयवार फोल्डरमध्ये ‘हवामान’ बारा महिने एकाच जागी बसून राहतं.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. तुमचा हजारांचा आकडा ब्लॉगांनी केलेला नाही, तो वर्तमानपत्रांनी केला आहे. अख्ख्या पेपरचा मुख्य फीड घेतला की त्यात राशिभविष्य, मालिकांचे भाग, क्रिकेट, सगळं येतं, आणि पीटीआय या वृत्तसंस्थेची एकच बातमी सहा पेपरांतून सहा वेळा येते. मुख्य फीड काढून टाका. बऱ्याच पेपरांचे विभागवार फीड असतात, त्यातला जिल्ह्याचा किंवा शेतीचा तेवढा घ्या. साइट वर्डप्रेसवर चालत असेल तर कुठल्याही विभागाच्या किंवा लेखकाच्या पानाच्या पत्त्यामागे स्लॅश देऊन ‘फीड’ हा इंग्रजी शब्द जोडून बघा, बहुतेक वेळा फक्त त्या विभागाचा फीड निघतो. ब्लॉगस्पॉटवर लेबलनिहाय फीड मिळतो, लेबल मराठीत असलं तरी. एखादा ब्लॉगर राजकारणावर महिन्यात तीस पोस्ट टाकत असेल आणि प्रवासावर दोन, तर ‘प्रवास’ एवढंच लेबल घ्या. त्याला कळतही नाही, वाईट वाटायचा प्रश्नच नाही.

जिथे विभागवार फीड नाही तिथे गूगल न्यूजवर शब्द शोधून त्या शोधाचाच फीड करता येतो, मराठी आवृत्तीतसुद्धा. गूगल अलर्ट्समध्येही ईमेलऐवजी फीड निवडता येतो. आणि इथे चाळणीचा, म्हणजे फिल्टरचा प्रश्न येतो. तुम्ही लिहिलंय की ‘कांदा’ शब्दाचा फिल्टर लावला तर निम्म्या बातम्या सुटतात. सुटणारच. मथळ्यात ‘कांदा’ कमी आणि ‘कांद्याचे’, ‘कांद्याला’, ‘कांद्यावरील’ जास्त. मशीनला विभक्ती कळत नाही, ते अक्षरं जुळवतं. म्हणून शब्द तोडून ‘कांद’ एवढाच द्या आणि ‘पूर्ण शब्द जुळवा’ अशी काही खूण असेल तर ती काढा. मग कांदा, कांदे, कांद्या- सगळं सापडतं. सोबत कांदिवलीही सापडते. तिथली चोरी, तिथला अपघात, सगळं तुमच्या कांद्यात. म्हणून वगळण्याच्या यादीत ‘कांदिवली’ टाका.

‘द्राक्ष’मध्ये ‘रुद्राक्ष’ बसलेलं आहे. त्र्यंबकेश्वर जवळ, त्यात २०२७चा सिंहस्थ, म्हणजे ही गर्दी वाढत जाणार, तेही वगळा. ‘नाशिक’ लावलं तर ‘नाशकात’ सुटतं, आणि मथळ्यात जागा वाचवायला तेच लिहितात. ‘नाशक’ लावलं तर कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक सगळी येतात. तुम्ही बागायतदार, तुम्हाला ती चालतील. माझ्या सिडकोतल्या मित्राला फक्त गावच्या बातम्या हव्या होत्या, तो आता तणनाशकांवर चांगलं बोलतो.

सगळ्यात चकवणारा शब्द ‘शेतकऱ्यांना’. यातला अर्धा र संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतून अक्षरांचे क्रमांक वेगळे. तुम्ही एका पद्धतीनं टाइप केलेला फिल्टर दुसऱ्या पद्धतीनं छापलेली बातमी पकडत नाही आणि का पकडत नाही ते डोळ्यांना दिसत नाही. उपाय सोपा: ‘शेतक’ इथेच थांबा. ‘कर्मचाऱ्यां’लाही हेच, र यायच्या आधीच शब्द तोडायचा. फिल्टरची सोय इनोरीडर आणि फीडलीच्या फुकट खात्यात फारशी नाही. मिनीफ्लक्स किंवा फ्रेशआरएसएस हे रीडर स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येत असतील तर तिथे मनासारखे नियम लिहिता येतात. घरात कुणी इंजिनीअरिंगचा विद्यार्थी असेल तर त्याला एक रविवार कामाला लावा.

ब्लॉगांबद्दल माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. ‘साफसफाई’ म्हटलं की लोक वर्षानुवर्षं गप्प पडलेले फीड आधी उडवतात. अहो, गप्प फीड तुमचं काय घेतो? तो यादीत एक ओळ आहे, आकड्यात शून्य भर घालतो. २००८-१० च्या सुमारास जोमात लिहिणारे कितीतरी मराठी ब्लॉगर आज फेसबुकवर पांगले आहेत किंवा लिहीतच नाहीत. पण त्यातला एखादा तीन वर्षांनी अचानक एक सुंदर पोस्ट टाकतो. ती पोस्ट तुमच्यापर्यंत आणून देणारं आरएसएसशिवाय दुसरं काही उरलेलं नाही. काढायचे ते बडबडे फीड. गप्पांना चाळीत राहू द्या.

मात्र गप्प आणि मेलेला यात फरक करा. रीडरमध्ये काही फीडांपुढे लाल खूण किंवा त्रुटीचा संदेश दिसेल, त्यांचा पत्ता बदललेला असतो किंवा साइटच बंद झालेली असते. जुन्या ब्लॉगांत फीडबर्नरचा, म्हणजे ब्लॉगचा फीड आपल्यामार्फत पुढे पाठवणाऱ्या गूगलच्या सेवेचा, पत्ता फार आढळतो. ब्लॉगचा मूळ पत्ता टाकून फीड नव्यानं घ्या, मधला दलाल गेलेला बरा. आणि एखाद्या कवितांच्या ब्लॉगवरून अचानक ऑनलाइन रमीच्या पोस्टी यायला लागल्या तर समजा, मालकानं डोमेनचे पैसे भरले नाहीत आणि दुसऱ्यानं ते उचललं. तो फीड लगेच काढा.

रीडर कुठला, हे तुम्ही विचारलंय. सध्याचा सोडायचं कारण दिसत नाही, फक्त एक तपासा: तो सर्व्हरवर चालतो की तुमच्या फोनमध्ये? फीडमध्ये शेवटच्या थोड्याच पोस्ट असतात. वर्डप्रेस मुळात दहा देतो, ब्लॉगस्पॉट पंचवीस. फक्त फोनवर चालणारं ॲप तुम्ही हंगामात आठवडाभर उघडलंच नाही, आणि त्यानंही मागच्या मागे काही आणून ठेवलं नाही, तर बडबड्या साइटच्या मधल्या पोस्ट कायमच्या हुकतात. सर्व्हरवरचा रीडर त्या तुमच्या वतीनं गोळा करून ठेवतो. ब्लॉगांना दोन्ही चालतं, बातम्यांना सर्व्हरवालाच हवा.

फेरफार सुरू करण्याआधी सेटिंगमधून ओपीएमएल फाइल उतरवून घ्या. तुमचे सगळे फीड आणि फोल्डर त्या एका फाइलमध्ये येतात आणि जवळजवळ कुठल्याही रीडरमध्ये ती पुन्हा चढवता येते. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा ज्यांनी यादी उतरवून घेतली होती ते दुसऱ्या दिवशी दुसरीकडे वाचत होते. ती फाइल साध्या मजकुराची असते, त्यामुळे तीनशे फीड एकेक ओढत बसण्यापेक्षा ती एडिटरमध्ये उघडून ओळी हलवणंही जमतं.

आणि न वाचलेल्यांचा आकडा सेटिंगमध्ये बंद करता येतो का ते बघा. पूर्ण नाही तर निदान चाळीपुरता. गूगल रीडर हजाराच्या पुढे मोजतच नव्हता, ‘१०००+’ दाखवून मोकळा व्हायचा. ती सवय आताच्या रीडरांनी उचलायला हवी होती.

नवीन फीड थेट तिन्हींत घालू नका. ‘नवीन’ नावाचा चौथा फोल्डर करा, महिनाभर तिथे ठेवा. महिन्यात एखाद्या फीडमधलं काहीच उघडलं नाही तर तो तिथूनच परत जाऊ द्या.

यूट्यूबचं राहिलं: हो, प्रत्येक चॅनलचा फीड असतो. चॅनलच्या पानाचा पत्ता रीडरमध्ये टाकला की बहुतेक रीडर तो स्वतः शोधून काढतात. द्राक्षाच्या छाटणीचे व्हिडिओ टाकणारे चॅनल चाळीत घाला आणि ऑक्टोबरात वर आणा, हवामानाच्या ब्लॉगांबरोबरच.